सुकेळीच्या डब्यातला फिल्टर

निर्मळ, वसई
१६ ऑगस्ट १९८१

प्रिय मार्सेल,

हे पत्र फाडायचं तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून झाल्यावर. गेल्या हंगामापासून तू मला लिहीत नाहीस, मीही तुला लिहीत नाही. तू नाताळला घरी आला नाहीस तेव्हाही मी लिहिलं नाही. आज लिहितोय ते भाऊ म्हणून नाही असं समज. मुंबईच्या हँगरमध्ये ज्याच्या टेबलावर तुझ्या विमानाचे फिल्टर येतात तो माणूस म्हणून लिहितोय.

तुझ्या इंजिनाचा जुना ऑईल फिल्टर गुरुवारी अकोल्याहून पार्सलने आला. पांडुरंगने नेहमीसारखा आयच्या बिस्किटांच्या डब्यात घालून, वर चिंध्या कोंबून पाठवला होता. तुमच्या तळावर त्याच्यासारखा मेकॅनिक आहे म्हणून मला निदान फिल्टर तरी वेळेवर मिळतात. मी कटरने पत्र्याचं कवच गोल कापलं, आतला कागद बाहेर काढला, घड्या सोडवून पेट्रोलमध्ये धुतल्या आणि ते पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर धातूचा चुरा राहिला. नुसती पूड नव्हे, कपच्या. काही पोलादी, चकचकीत, नखाने टोचलं तर बोटाला लागतील अशा. काही पिवळसर.

आता तू हसशील. हस. गेल्या वर्षीही मला चुरा दिसला होता. मी तुझं विमान थांबवायला लावलं, इंजिन मुंबईला आणून उघडलं आणि आत काही निघालं नाही. त्याच्या आधीचं जे इंजिन फुटलं होतं त्याची घाण ऑईल कूलरमध्ये दडून बसली होती, ती नव्या फिल्टरमध्ये उतरली होती. हे कळेपर्यंत कापसावरची फवारणी संपली. तुझे उड्डाणाचे तास अपुरे पडले आणि मोठ्या एअरलाइनची भरती तुझ्याशिवाय झाली. हँगरमध्ये सगळ्यांसमोर तू मला म्हणालास, ‘दादा, मी उडावं असं तुला कधी वाटलंच नाही.’

त्याचं आज उत्तर देतो. तसाच चुरा पुन्हा दिसला तर मी पुन्हा थांबवीन. फिल्टर हातात घेऊन इंजिनाच्या पोटातलं सगळं कळत नाही. संशय आला की उघडून बघायचं, एवढंच आपल्या हातात असतं. तू चिडलास म्हणून ते बदलत नाही.

आणि यंदा कूलर कोरा करकरीत आहे, मी स्वतः बसवून दिलाय. हा चुरा तुझ्या इंजिनाचाच.

मॅनेजरसाहेबांना फडकं दाखवलं. ते म्हणाले, ‘ॲन्सेल्म, लांडगा आला रे आला किती वेळा करणार?’ त्यांचंही अगदीच खोटं नाही. ओव्हरहॉल करून आलेलं इंजिन सुरुवातीला थोडा धातू सोडतंच. त्यांचं म्हणणं, पुढच्या फिल्टरची वाट बघू. मी म्हटलं, पुढचा फिल्टर यायला इंजिन तोवर चालायला पाहिजे. शेवटी ते म्हणाले, ‘तुमच्या शब्दावर मी पुन्हा हंगाम बुडवणार नाही. तुमचा भाऊ स्वतः थांबतो म्हणाला, तर थांबवू.’

तेव्हा आता ते तुझ्यावर आहे. तू कापसावर माणसाच्या दीडपट उंचीवरून उडतोस, पुढे विजेच्या तारा, मागे बाभळी. बाबांचा विहिरीवरचा पंप बंद पडला तर केळी एक दिवस तहानलेली राहायची. तुझं इंजिन बंद पडलं तर तुला वळायलाही जागा नाही. साहेबांना दोन शब्दांची तार कर आणि विमान बांधून ठेव.

यंदा भरती आहे आणि वयाच्या अटीमुळे ती तुझी शेवटची आहे, हे मला माहीत आहे. माहीत असून लिहितोय.

काल मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण झाला. आय बरी आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

ॲन्सेल्म


निर्मळ
२१ ऑगस्ट

मार्सेल,

तुझी तार आली, मला नाही, साहेबांना. ‘इंजिन उत्तम. फवारणी चालू.’ साहेबांनी ती नोटीसबोर्डावर टाचणीने लावली आहे. येताजाता पोरं वाचतात आणि माझ्याकडे बघून हसत चहा मागवतात.

उत्तम म्हणजे काय रे? आवाज उत्तम असेल. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा त्यांचा आवाज उत्तम होता, वाडीत उभं राहून त्यांनी शेजाऱ्याला चार शिव्या दिल्या होत्या. आवाजावरून इंजिन ओळखतात ते ट्रकवाले. तुला सरकारने लायसन दिलंय.

मी चिडलोय आणि ते कळावं म्हणूनच तसं लिहितोय.

आता घरचं सांगतो. मी तो चुरा कागदाच्या पुडीत बांधून खिशात घेऊन फिरत होतो. कशाला, ते विचारू नकोस. हँगरमध्ये ठेवला असता तर कोणी झाडून टाकला असता. संध्याकाळी शर्ट धुवायला टाकला आणि पुडी आयच्या हाती लागली. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. तिने चष्मा लावला, पुडी सुपात उघडली आणि खडे बघावेत तशी बोटाने चुरा पसरून बघत राहिली. मग विचारलं, हे कोणाच्या इंजिनातलं? तिची बोली माझ्याच्याने कागदावर उतरत नाही, तू मनात तिच्या आवाजात वाच.

मला खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. म्हटलं, मार्सेलच्या.

तिने चुरा पुन्हा पुडीत गोळा केला. मग म्हणाली, ‘त्याला सांगितलंस?’

‘सांगितलं. ऐकत नाही.’

‘सांगून तो कधी ऐकला? त्याला दाखव.’

झालं. उठली आणि कामाला लागली. पांडुरंगचा डबा मी घरी आणला होता, तो तिने राखेने घासला, तरी ऑईलचा वास काही जात नाही. मग फळीवरून मे महिन्याच्या उन्हात वाळवलेल्या केळ्यांची शेवटची सुकेळी काढली. पावसाळ्यात आता नवीन होणार नाहीत, हे तुला सांगायला नको. ती नाताळसाठी ठेवलेली, कोणी मागितली तरी देत नव्हती. केळीच्या सुक्या पानात बांधून डब्यात घातली. तू आत्तापर्यंत समजत असशील की दर वेळी नव्या फिल्टरबरोबर सुकेळी मी पाठवतो. मी नाही, तीच. मी वर्षभर फक्त हमाली केली. तू कधी पोच दिली नाहीस, पण डबा रिकामा यायचा, तेवढ्यावर ती खूश असायची.

या वेळी सुकेळीच्या खाली नवा फिल्टर आहे, त्याच्या खाली पुडी. निम्मा चुरा तुला, निम्मा माझ्याकडे. आणि पुडीबरोबर लोहचुंबक आहे. ओळखशील. बाबांनी मोडक्या रेडिओच्या भोंग्यातून काढून दिलेला. कळंबच्या किनाऱ्यावर आपण तो दोरीला बांधून काळ्या वाळूतून ओढत न्यायचो आणि वाळूची दाढी घेऊन यायचो. तू तो एका रविवारी मिस्सेच्या वेळी, फादर प्रार्थना म्हणत असताना, देवळातल्या दानपेटीला चिकटवलास आणि आठवडाभर तुझा जीव तिथेच अडकला होता. तो तुझाच आहे. माझ्या हत्यारांच्या पेटीत उगाच पडून होता.

पुडी कागदावर ओत आणि खालून चुंबक फिरव. जे सरकेल ते पोलाद. ते बेअरिंगचं असेल, गिअरचं असेल, ते उघडल्याशिवाय कळणार नाही. जे जागचं हलणार नाही ते पिवळं. पिस्टनला धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या टोकाला जी बुश असते ती त्या धातूची असते. दोन्ही एकदम झिजायला लागली म्हणजे काय, हे तुला कोणी शिकवायची गरज नाही. तो दांडा सुटला तर इंजिनाचं कवच फोडून बाहेर येतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. चुंबकावर ठेव.

महिनाअखेरीला तुझ्या विमानाच्या तपासणीचा दाखला माझ्या टेबलावर येईल. माझ्या सहीशिवाय ते पुढे उडू शकत नाही. मी सही करणार नाही. हे तुला आधी कळावं, मागून कोणाकडून कळू नये, म्हणून लिहिलं.

ॲन्सेल्म


निर्मळ
३० ऑगस्ट

मार्सेल,

डबा पोचला असणार. पांडुरंगची सही पार्सल ऑफिसात आहे, मी विचारून आलो.

सध्या मी घरी आहे. रजा साठली होती. वाडीत केळीला टेकू द्यायचे राहिले होते, ते देतोय. घड मोठे लागलेत, वारा आला की झाडं कलतात. विहीर तोंडापर्यंत भरली आहे. आयने मला हाताशी धरून मिरीच्या वेलाच्या शेजारचा सगळा गवताचा भाग काढून घेतला. पाठ मोडली. ती वर म्हणते, हँगरमध्ये बसून बसून तू नाजूक झालास.

रजा नाही. खरं लिहितो, नाहीतर तुला हँगरमधल्या रुडॉल्फकडून कळेल.

दाखला बुधवारी आला. मी त्यावर लाल शाईने ‘उड्डाणास योग्य नाही’ असं लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि फडकं जोडलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आधी समजावलं, मग ओरडले, मग पुन्हा समजावलं. कापूसवाल्यांशी करार आहे, विमान उभं राहिलं तर कंपनी उभी राहणार नाही, इतक्या लोकांच्या घरचा विचार करा. मी म्हटलं, एका घरचा मी करतोय, बाकीच्या घरांना मी जाऊन सांगेन. ते म्हणाले, बोलावल्याशिवाय येऊ नका. मी माझी पेटी उचलली आणि आलो.

रोझमेरीला सांगितलं. माझ्या बायकोचा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणाली, ‘सही नाही केलीस ते बरं केलंस. तोंड तेवढं बरं ठेवायचं होतंस.’ मग दोन दिवस तिने मला आवडतं ते सगळं रांधलं. म्हणजे तीही घाबरली आहे.

आता दाखला रुडॉल्फच्या टेबलावर आहे. गिरीजचा पोरगा, माझ्या हाताखाली शिकला. काल संध्याकाळी सायकलवरून इथे आला आणि ओट्यावर बसून राहिला. चहा निवून गेला. शेवटी म्हणाला, ‘दादा, मी काय करू?’ मी त्याला सही करू नको असं सांगितलं नाही. म्हटलं, उरलेला चुरा माझ्याकडे आहे, आधी तो बघ, मग तुझ्या मनाने कर. त्याने बघितला. सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही तिच्यावर. तो काय करेल मला माहीत नाही. त्याचं नवीन लग्न झालंय.

म्हणून मी कोणावर विसंबून राहणार नाही. मंगळवारी मी अकोल्याला निघतो. तिकीट काढलंय. तू बोलणार नसशील तर बोलू नकोस, मी बोलायला येत नाही. सकाळी तू इंजिन सुरू करायला जाशील तेव्हा मी पंख्याच्या समोर उभा असेन. पांडुरंगला सांगून मला उचलून बाजूला करायचं तर कर. मी परत येऊन उभा राहीन. लहानपणी विहिरीच्या काठावरून तुला ओढायला किती वेळा यायचो, तसा येईन. तेव्हाही तू चावायचास.

गेल्या वर्षी तू जे म्हणालास ते मी वर्षभर चघळतोय. ‘मी उडावं असं तुला वाटलंच नाही.’ बरोबर आहे तुझं, नाही वाटलं. तुला वाटलं मला हेवा वाटतो. मला भीती वाटते रे. ज्या दिवशी तू पहिल्यांदा एकट्याने उडालास त्या दिवशी सगळं गाव कौतुक करत होतं, फादरांनी मिस्सेत तुझं नाव घेतलं, आणि मी मागच्या बाकावर बसून तुझ्या इंजिनातले नट मनात मोजत होतो. अजून मोजतो. म्हणून मी हे काम धरलं. तुला उडण्यापासून अडवायला नाही. तू उडणारच आहेस म्हणून.

हे तोंडावर बोलता येणार नाही, म्हणून आधी कागदावर घातलं.

ॲन्सेल्म


निर्मळ
९ सप्टेंबर

मार्सेल,

मी अकोल्याला का आलो नाही ते तुला कळलं असेलच. त्या मंगळवारी पिशवी भरून दारात उभा होतो आणि पोस्टमन डबा घेऊन आला. डब्यावर माझं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. आयचं नाव होतं. तिला आयुष्यात पहिल्यांदा पार्सल आलं. तिने कोणाला हात लावू दिला नाही, स्वतः दोरी सोडवली, दोरी गुंडाळून ठेवली, मग झाकण उघडलं.

वर केळीची पानं होती, रिकामी. तिने ती हुंगली आणि म्हणाली, सगळी खाल्ली. पानांच्या खाली माझी पुडी होती, पण एक नाही, दोन. एका पुडीत पोलाद, दुसरीत पिवळं. तू बसून वेगळं केलंस. खाली फिल्टर, मीच पाठवलेला, नवा, जेमतेम वापरलेला, न कापलेला. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तुझं अक्षर, ‘विमान बांधलंय. कापायचा तू. चुंबक मी ठेवून घेतला.’

मी पुष्कळ वेळ ते वाचत राहिलो. एवढ्याशा ओळीला एवढा वेळ कशाला लागतो, असं रोझमेरीने विचारलं.

कापायला घरी काहीही नव्हतं. करवतीने कापला असता तर पत्र्याचाच कीस आत पडला असता आणि साहेब म्हणाले असते, हा बघा तुमचा चुरा. म्हणून डबा काखेत मारून तसाच हँगरमध्ये गेलो. बोलावलं नव्हतं, तरी गेलो. साहेबांच्या टेबलावर फिल्टर ठेवला आणि तुझी चिठ्ठी ठेवली. म्हटलं, तुम्ही म्हणालात वैमानिक थांबतो म्हणाला तर थांबवू. तो थांबलाय. ते चिठ्ठी वाचून उठले आणि कटर त्यांनी स्वतःच फिरवला. मी हात मागे बांधून उभा होतो.

कागदाच्या घड्या उलगडल्यावर पेट्रोलची गरजच पडली नाही. उजेडात धरल्यावर सगळं लखलखत होतं. साहेब फिल्टर खाली ठेवून खुर्चीवर बसले. नंतर म्हणाले, ‘इंजिन मागवतो.’ रुडॉल्फ दारात उभा होता. त्याने दाखल्यावर सही केली नव्हती, रोज काही ना काही निमित्त काढून तो पुढे ढकलत होता. आजारी पडला, शाई संपली, चष्मा हरवला. त्याला चष्मा नाहीच.

काल इंजिन उघडलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याची बुश फिरून झिजली होती, दांडा हाताने हलत होता. खालच्या बेअरिंगचे पोपडे निघाले होते. साहेबांनी मला विचारलं, अजून किती चाललं असतं? मी म्हटलं, माहीत नाही. एखादं उड्डाण, नाहीतर हंगामभर. कोणीही सांगू शकणार नाही. गेल्या वर्षी मी चुकलो असं ज्यांना वाटतं त्यांना यंदा मी बरोबर ठरलो असं वाटतंय. मी दोन्ही वर्षी तेच केलं.

साहेब म्हणाले, सोमवारपासून या. जाताना म्हणाले, ‘लाल शाईची गरज नव्हती.’ मी म्हटलं, होती.

आता तुझं. नवं इंजिन बसेपर्यंत बोंडं फुटतील आणि फवारणी संपेल. तुझे तास यंदाही भरणार नाहीत. ती भरती गेली आणि पुढच्या भरतीला तुझं वय बसणार नाही. मोठ्या विमानाच्या पुढच्या खिडकीत तू बसलेला आता कोणी बघणार नाही, आयही नाही आणि मीही नाही. चिठ्ठी लिहिलीस तेव्हा हे सगळं तुला माहीत होतं. तरी तू विमान बांधलंस. मी दाखल्यावर सही नाही केली त्यात माझी नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. तू जे सोडलंस ते पुन्हा मिळणार नाही. ते मला भरून देता येत नाही आणि मी देतो असं खोटंही म्हणत नाही.

तू माझ्यावर अजून रागावलेला असशील तर तो राग ठेव. आयुष्यभर ठेव, मला चालेल. फक्त तो अकोल्यात बसून ठेवू नकोस. नाताळला ये, माझ्यासमोर ताटावर बस आणि तिथे रागाव, पाहिजे तेवढा. मी उत्तरं देईन. आपण दोघे म्हातारे होईपर्यंत भांडू शकतो, तेवढा वेळ आता आहे.

ऑक्टोबरचं ऊन लागलं की आय सुकेळी घालायला घेणार आहे. राजेळी केळ्यांचा घड तिने झाडावरच राखून ठेवलाय. डबा घासून ठेवलाय, ऑईलचा वास अजून येतो. मी विचारलं, भरून कधी पाठवू? ती म्हणाली, यंदाचा डबा पोस्टाने जाणार नाही.

तुझा दादा,
ॲन्सेल्म